हृदयस्नायूचे पुनर्जनन आणि नॉनकोडिंग आरएनए : दाव्यांची चिकित्सा

सारांश : हृदयविकाराच्या झटक्यात नष्ट झालेल्या स्नायुपेशींची जागा प्रौढ मानवी हृदय नव्या पेशींनी भरून काढू शकत नाही. नॉनकोडिंग आरएनएच्या साहाय्याने या पेशींना पुन्हा विभाजनक्षम करता येते, असे दाखवणारे अनेक प्रयोग २०११ पासून प्रसिद्ध झाले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख प्रयोगांची चिकित्सा केली आहे. विभाजनाचा आरंभ, विभाजनाची पूर्ती आणि कार्यक्षम स्नायूची निर्मिती या तीन भिन्न बाबींची गल्लत झाल्यामुळे या संशोधनाचे मूल्यमापन सदोष होते, आणि सुरू केलेले विभाजन योग्य वेळी थांबवणे हाच या क्षेत्रापुढील कळीचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हृदयस्नायुपेशी, पुनर्जनन, नॉनकोडिंग आरएनए, मायक्रो-आरएनए, पेशीविभाजन.

१. प्रस्तावना

झीज भरून काढण्याची क्षमता शरीरातील सर्व ऊतकांना सारखी लाभलेली नाही. त्वचेची जखम भरून येते. यकृताचा काही भाग काढून टाकला तरी उरलेला भाग वाढतो आणि काम पूर्ववत चालू होते. प्रौढ हृदयाच्या बाबतीत मात्र असे घडत नाही. मानवी हृदयाच्या डाव्या निलयात सुमारे २०० ते ४०० कोटी स्नायुपेशी असतात, असा अंदाज आहे. हृदयाला रक्त पुरवणारी मोठी धमनी अवरुद्ध झाली की काही तासांत त्यांपैकी सुमारे १०० कोटी पेशी मृत होऊ शकतात. त्यांच्या जागी तंतुमय व्रणऊतक तयार होते. हे ऊतक हृदयाची भिंत फाटू देत नाही. परंतु ते आकुंचन पावत नाही. उरलेल्या पेशींवर भार वाढतो, निलय हळूहळू प्रसरण पावते आणि अनेक रुग्णांमध्ये याची परिणती हृदय निकामी होण्यात होते. आज उपलब्ध असलेली औषधे हा भार कमी करतात, गेलेला स्नायू परत आणत नाहीत.

मानवी हृदयात नव्या स्नायुपेशी मुळीच तयार होत नाहीत, ही जुनी समजूत २००९ मध्ये दुरुस्त करावी लागली. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-१४ या समस्थानिकाचे प्रमाण वाढले होते. पेशींच्या डीएनएमधील या समस्थानिकाच्या प्रमाणावरून ओलाफ बर्गमन, यॉनास फ्रिसेन व सहकाऱ्यांनी पेशींचे वय ठरवले. वयाच्या २५ व्या वर्षी दरसाल सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्याने तयार होतात आणि ७५ व्या वर्षापर्यंत हे प्रमाण सुमारे ०.४५ टक्क्यापर्यंत उतरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे क्षमता आहे, पण ती इतकी क्षीण आहे की झटक्यातील हानी तिने भरून निघणे शक्य नाही. या क्षीण क्षमतेला बळ देता येईल काय, हा प्रश्न तेव्हापासून संशोधनाच्या केंद्रस्थानी आला. नॉनकोडिंग आरएनएचा अभ्यास हे या प्रश्नाला मिळालेले एक महत्त्वाचे उत्तर आहे. ते उत्तर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. पूर्वानुभव : मूलपेशींची कथा

या तपासणीस आरंभ करण्यापूर्वी हृदयाच्या पुनर्जननाचा याआधीचा एक मोठा दावा लक्षात घेणे आवश्यक आहे; कारण पुरावा कसा वाचावा याचा धडा त्यातून मिळतो. अस्थिमज्जेतील मूलपेशी उंदराच्या जखमी हृदयात सोडल्यास त्यांपासून नवा हृदयस्नायू तयार होतो, असा शोधनिबंध २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अल्पावधीतच अनेक देशांत रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी, अस्थिमज्जेतील पेशींचे हृदयस्नायुपेशींत रूपांतर होत नसल्याचे दाखवले. त्यानंतर हृदयातच सी-किट हे प्रथिन धारण करणाऱ्या मूलपेशी असतात, असा दावा पुढे आला. २०१४ मध्ये पेशींच्या वंशावळीचा मागोवा घेणाऱ्या प्रयोगांनी या पेशींपासून स्नायुपेशी क्वचितच तयार होतात, हे स्पष्ट केले. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालय यांनी पिएरो अन्व्हेर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने अशा पेशींवर आधारलेली एक चाचणी स्थगित केली.

या प्रकरणातील गैरप्रकारांची चर्चा बरीच झाली. त्यामागील पद्धतीविषयक प्रश्नाकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. हृदयाचे कार्य सुधारले, म्हणजे नवा स्नायू तयार झाला, असे अनुमान अनेक प्रामाणिक संशोधकांनीही काढले होते. कार्य सुधारण्यास अन्य कारणे असू शकतात. नव्या रक्तवाहिन्या फुटणे, मरू घातलेल्या पेशी वाचणे, व्रणाचा विस्तार कमी होणे यांपैकी कोणतेही कारण तसाच परिणाम घडवू शकते.

दुसऱ्या बाजूने एक भक्कम निष्कर्षही हाती आला. २०१० मध्ये झेब्रामाशावर आणि २०१३ मध्ये उंदरावर झालेल्या प्रयोगांनी, नव्या हृदयस्नायुपेशी या मुख्यतः जुन्या हृदयस्नायुपेशींच्याच विभाजनातून येतात, असे दाखवले. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटले. बाहेरून पेशी आणण्याऐवजी आतल्या पेशींवरील बंधने कोणती आणि ती कशी सैल करावीत, याचा विचार सुरू झाला. नॉनकोडिंग आरएनएचा प्रवेश येथे होतो.

३. नॉनकोडिंग आरएनए : संकल्पना

मानवी जनुकसंचात प्रथिनांची निर्मिती करणारी जनुके सुमारे २० हजार आहेत आणि प्रथिनांचा प्रत्यक्ष संकेत वाहणारा भाग एकूण डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्या भागातील पुष्कळसा डीएनए निरुपयोगी असावा, या अर्थाने सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये ‘जंक डीएनए’ हा शब्दप्रयोग रूढ केला. परंतु या भागातूनही आरएनएच्या प्रती तयार होतात, असे कालांतराने दिसून आले. ज्या आरएनएपासून प्रथिन तयार होत नाही, अशा आरएनएला नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. येथे त्यांच्या तीन वर्गांचा विचार करावयाचा आहे. सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे मायक्रो-आरएनए हा पहिला वर्ग. २०० न्यूक्लिओटाइडहून अधिक लांबीचे दीर्घ नॉनकोडिंग आरएनए हा दुसरा. आणि दोन्ही टोके जुळून कडे बनलेले वर्तुळाकार आरएनए हा तिसरा.

पहिला मायक्रो-आरएनए १९९३ मध्ये एका सूक्ष्म सूत्रकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना या शोधासाठी २०२४ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मायक्रो-आरएनए संदेशवाहक आरएनएवरील जुळणाऱ्या भागाशी जोडला जातो आणि त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती मंदावतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, जुळणीस आवश्यक असणारा भाग जेमतेम सहा ते आठ न्यूक्लिओटाइडचा असल्यामुळे एकच मायक्रो-आरएनए शेकडो संदेशांवर परिणाम करू शकतो. दुसरी म्हणजे, यांपैकी बहुतेक संदेशांवर होणारा परिणाम माफक असतो. त्यामुळे मायक्रो-आरएनएचे कार्य दिव्याच्या बटणासारखे नसून वाद्यवृंदातील अनेक वाद्यांचा आवाज एकाच वेळी थोडा कमी करण्यासारखे असते. याच गुणामुळे त्याचे सामर्थ्य मोठे आहे आणि याच गुणामुळे त्याच्या परिणामांचा पूर्ण अंदाज बांधणे अवघड आहे.

४. लोप पावणारी क्षमता आणि मिर-१५ चे कुल

झेब्रामाशाच्या निलयाचा सुमारे २० टक्के भाग कापून टाकला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो, हे केनेथ पॉस, लिंडसे विल्सन व मार्क कीटिंग यांनी २००२ मध्ये दाखवले. सस्तन प्राण्यांत असे काही घडत असेल, ही अपेक्षा तेव्हा नव्हती. २०११ मध्ये एन्झो पोरेलो, हेशाम सादेक व सहकाऱ्यांनी एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचे हृदयाग्र कापले असता ते पुन्हा तयार होते, परंतु सात दिवसांच्या पिल्लात ही क्षमता उरत नाही, असा निष्कर्ष मांडला. २०१४ मध्ये एका गटाला हाच प्रयोग करूनही व्रणऊतकच आढळले आणि वाद उत्पन्न झाला. कापण्याची खोली आणि मोजमापाची पद्धत यांवर निष्पत्ती अवलंबून असते, ही जाणीव या वादातून झाली. पुढे २०१८ मध्ये डुकरांच्या नवजात पिल्लांतही पहिल्या एक-दोन दिवसांपुरती अशी क्षमता असल्याचे दोन गटांनी नोंदवले.

जन्मानंतरच्या या आठवड्यात काय बदलते? पोरेलो व सहकाऱ्यांना या काळात मिर-१५ या कुलातील मायक्रो-आरएनएचे, विशेषतः मिर-१९५ चे, प्रमाण ठळकपणे वाढलेले आढळले. ‘मिर’ ही मायक्रो-आरएनएच्या नावांतील प्रचलित संक्षिप्त संज्ञा आहे. भ्रूणावस्थेतील हृदयात मिर-१९५ चे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवले असता पेशींचे विभाजन अकाली थांबले आणि निलयांची वाढ खुंटली. उलट, जन्मानंतर या कुलाला अटकाव केल्यास विभाजन होणाऱ्या स्नायुपेशींची संख्या वाढली. २०१३ मध्ये याच गटाने, जन्मापासून प्रौढत्वापर्यंत या कुलाला अटकाव केलेल्या उंदरांत झटक्यानंतर हृदयाचे आकुंचन अधिक चांगले राहते, असे दाखवले.

ही प्रयोगमालिका या क्षेत्रातील उत्तम कामांपैकी एक आहे; कारण येथे वाढ आणि घट या दोन्ही दिशांनी तपासणी झालेली आहे. तथापि तिची मर्यादाही स्पष्ट आहे. येथे अटकाव जन्मतःच सुरू झाला होता. साठाव्या वर्षी झटका आलेल्या रुग्णाच्या पेशींची स्थिती वेगळी असते. जन्मानंतर प्राणवायूचा पुरवठा वाढतो, ऊर्जेचा स्रोत शर्करेकडून मेदाम्लांकडे सरकतो, आकुंचनाचे तंतू दाट व सुसूत्र होतात आणि अनेक पेशींत केंद्रकांची किंवा गुणसूत्रसंचांची संख्या दुप्पट होते. मिर-१५ हा या अनेक बंधनांपैकी एक होय. एक बंधन जन्मतःच न पडू देणे आणि सर्व बंधने पक्की झाल्यावर त्यांपैकी एक सोडवणे, या भिन्न गोष्टी आहेत.

५. त्रिएस्तचा शोध : संख्या काय सांगतात

या क्षेत्रातील सर्वाधिक चर्चिला गेलेला शोधनिबंध २०१२ चा आहे. इटलीतील त्रिएस्त येथील आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात आना एउलालिओ, माउरो जाक्का व सहकाऱ्यांनी हे काम केले. याच केंद्राची एक शाखा नवी दिल्ली येथे आहे. त्यांनी ८७५ मानवी मायक्रो-आरएनएच्या कृत्रिम प्रतिकृती नवजात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या हृदयस्नायुपेशींत एकेक करून सोडल्या. त्यांपैकी २०४ मायक्रो-आरएनएमुळे विभाजनाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. ४० मायक्रो-आरएनए दोन्ही प्रजातींच्या पेशींत ठळकपणे परिणामकारक ठरले. पुढील परीक्षणासाठी मिर-५९० आणि मिर-१९९ए यांची निवड झाली. विषाणुवाहकाद्वारे ते प्रौढ उंदरांच्या हृदयात पोहोचवले असता झटक्यानंतर हृदयाचे कार्य जवळजवळ पूर्ववत झाल्याचे नोंदवण्यात आले.

एखादा मायक्रो-आरएनए आधीच गृहीत धरून त्याची बाजू मांडण्यापेक्षा सर्वांची सरसकट परीक्षा घेण्याची ही पद्धत निश्चितच अधिक निःपक्षपाती आहे. परंतु या संख्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ८७५ पैकी २०४ म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. एवढे मायक्रो-आरएनए विभाजन वाढवू शकत असतील, तर त्यांपैकी कोणत्याही एकाला पुनर्जननाची ‘गुरुकिल्ली’ म्हणणे युक्त ठरत नाही. अधिक संभाव्य अर्थ असा की नवजात पेशी मुळातच विभाजनाच्या उंबरठ्यावर असतात आणि अनेक प्रकारच्या धक्क्यांनी त्या उंबरठा ओलांडतात. पुढील संशोधनाने या अर्थाला बळ दिले. विभाजन वाढवणारे अनेक मायक्रो-आरएनए अखेरीस ‘हिप्पो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संदेशमार्गावर येऊन मिळतात आणि ‘याप’ या प्रथिनाला सक्रिय करतात, असे २०१८ व २०१९ मधील अभ्यासांत दिसून आले.

हिप्पो मार्ग हा इंद्रियाचा आकार मर्यादित ठेवणारा मार्ग आहे. त्याचे नियंत्रण सुटणे हे अनेक कर्करोगांचे एक लक्षण आहे. असेच दुसरे उदाहरण मिर-१७-९२ या समूहाचे आहे. २०१३ मध्ये तो हृदयस्नायुपेशींचे विभाजन वाढवतो असे सिद्ध झाले. २००५ पासून तोच समूह कर्करोगकारक म्हणून परिचित होता. यावरून या उपचारात जोखीम आहे एवढेच सिद्ध होत नाही. पेशीला विभाजनास प्रवृत्त करणारी यंत्रणा सर्व ऊतकांत बरीचशी समान असल्यामुळे ‘हृदयापुरते पुनर्जनन’ ही कल्पना मायक्रो-आरएनएच्या अंगभूत गुणातून येत नाही. ती त्याच्या स्थान, मात्रा व काळ यांवरील नियंत्रणातून यावी लागते, हे यातून स्पष्ट होते.

६. पुराव्याचा प्रश्न : विभाजन म्हणजे काय

या संशोधनातील बहुतेक निष्कर्ष पेशींवरील खुणांच्या मोजणीवर आधारलेले असतात. डीएनएची नवी प्रत तयार होताना त्यात सामावणारे रासायनिक द्रव्य, विभाजनचक्रात शिरलेल्या पेशीत आढळणारे ‘के-आय-६७’ हे प्रथिन, सूत्री विभाजनाच्या वेळी बदलणारे ‘हिस्टोन एच-३’ आणि पेशी दुभागताना मध्यभागी दिसणारे ‘ऑरोरा-बी’ या त्या खुणा होत. सामान्य पेशींत यांपैकी कोणतीही खूण विभाजनाची सूचक मानता येते. हृदयस्नायुपेशींत मात्र तसे मानता येत नाही. या पेशी डीएनएची प्रत तयार करून तेथेच थांबतात आणि बहुगुणित होतात. किंवा केंद्रकाचे विभाजन पूर्ण करून जीवद्रव्याचे विभाजन न करता द्विकेंद्रकी राहतात. प्रौढ उंदराच्या बहुसंख्य स्नायुपेशी द्विकेंद्रकी असतात. मानवात बहुसंख्य पेशी एककेंद्रकी असल्या तरी त्यांच्या केंद्रकांत गुणसूत्रसंच वाढलेले असतात. म्हणजे पहिल्या तिन्ही खुणा दिसूनही पेशींची संख्या एकानेही वाढलेली नसेल, हे शक्य आहे. ऑरोरा-बीदेखील द्विकेंद्रकी होणाऱ्या पेशीत क्षणकाल दिसते.

आणखी एक अडचण आहे. हृदयात स्नायुपेशींच्या भोवती तंतुजनक पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी व प्रतिकारपेशी दाटीवाटीने असतात. झटक्यानंतर या पेशी वेगाने विभाजित होतात. ऊतकाच्या पातळ छेदात अशा पेशीचे केंद्रक स्नायुपेशीवर पडलेले दिसले, तर ते स्नायुपेशीचेच समजले जाण्याची शक्यता असते.

या अडचणींवर उपाय उपलब्ध आहेत. जनुकीय रंगखुणांच्या साहाय्याने एका मातृपेशीच्या दोन कन्यापेशी भिन्न रंगांत दाखवता येतात. २०१८ मध्ये पेशीचक्राच्या चार प्रथिनांवरील एका गाजलेल्या प्रयोगात ही पद्धत वापरली गेली. हृदय विलग करून पेशींची प्रत्यक्ष गणना करता येते. जिवंत पेशीचे चलच्चित्रण करता येते. असे असताना केवळ खुणांची टक्केवारी देऊन ‘पुनर्जनन’ हा शब्द शीर्षकात वापरणे हे पुराव्याच्या मर्यादा ओलांडणे आहे. विभाजनचक्रात प्रवेश, दोन पेशींची निर्मिती आणि परस्परांशी जोडून लयबद्ध आकुंचन पावणारा स्नायू या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचा पुरावा तिसऱ्या पायरीसाठी पुरेसा ठरत नाही.

७. डुकरांवरील प्रयोग आणि त्याचा अर्थ

उंदराचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक वेळा धडधडते. डुकराच्या हृदयाचा आकार, गती आणि रक्तवाहिन्यांची रचना मानवी हृदयाशी पुष्कळ जुळते. म्हणून त्रिएस्तच्या संशोधनाची खरी कसोटी डुकरांवर लागणार होती. फाबियो रेक्किया, माउरो जाक्का व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झटका दिल्यानंतर डुकरांच्या हृदयात विषाणुवाहकाद्वारे मिर-१९९ए पोहोचवण्यात आला. एका महिन्यानंतर उपचार केलेल्या प्राण्यांचे आकुंचन सुधारले होते, स्नायूचे वस्तुमान वाढले होते आणि व्रण लहान झाला होता. प्रयोग येथेच थांबवला असता, तर तो निर्भेळ यश म्हणून नोंदला गेला असता. तो पुढे चालू राहिला आणि उपचार केलेल्यांपैकी बहुसंख्य डुकरे हृदयाची लय बिघडून अकस्मात मरण पावली. त्यांच्या हृदयस्नायूत अपक्व, विभाजनशील पेशींची घुसखोरी झालेली आढळली.

या निष्पत्तीचा अर्थ काय लावावा? मायक्रो-आरएनए निष्प्रभ ठरला, असे म्हणता येणार नाही; तो अपेक्षेहून अधिक प्रभावी ठरला. विषाणुवाहकाने पेशीत नेलेले जनुक दीर्घकाळ कार्यरत राहते आणि ते बंद करण्याची सोय त्या रचनेत नव्हती. विभाजन होण्यासाठी स्नायुपेशीला आपले आकुंचनतंतू सोडवून काही प्रमाणात अपक्व अवस्थेत परतावे लागते. काही पेशी थोड्या काळापुरत्या या अवस्थेत गेल्या तर हृदय ते सहन करू शकते. पुष्कळ पेशी तेथेच राहिल्या तर विद्युत्प्रवाहाच्या मार्गात अडथळ्यांची बेटे निर्माण होतात आणि लय बिघडते. पुनर्जननाचा उपचार स्वतःच मृत्यूचे कारण ठरू शकतो, हे येथे प्रथमच मानवाशी जवळीक असलेल्या प्राण्यात दिसले. संशोधकांनी निबंधाच्या शीर्षकातच ‘अनियंत्रित’ हा शब्द योजला, हा त्यांचा प्रामाणिकपणा नोंद घेण्याजोगा आहे.

तरीही हा परिणाम पूर्णतः अनपेक्षित होता, असे मानता येत नाही. एरिक ओल्सन यांच्या गटाने २००८ मध्येच मिर-१३३ए चा पूर्ण अभाव असलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या हृदयात स्नायुपेशींचे विभाजन वाढले होते. परंतु सुमारे निम्मी पिल्ले निलयांमधील पडद्याच्या दोषामुळे दगावली आणि वाचलेल्यांना पुढे हृदय प्रसरण पावण्याचा विकार जडला. २०१५ मध्ये एडवर्ड मॉरिसे यांच्या गटाने मिर-३०२-३६७ या समूहाविषयी अधिक नेमका निष्कर्ष काढला. हा समूह सतत कार्यरत ठेवल्यास पेशी अपक्व राहतात आणि हृदयाचे कार्य बिघडते. त्याच्या कृत्रिम प्रतिकृती केवळ अल्पकाळ दिल्यास विभाजन वाढते, व्रण घटतो आणि कार्य सुधारते. म्हणजे काळमर्यादेचे महत्त्व डुकरांवरील प्रयोगाच्या चार वर्षे आधीच नोंदले गेले होते. या क्षेत्रातील चर्चा मात्र ‘कोणता मायक्रो-आरएनए’ याच प्रश्नाभोवती अधिक फिरत राहिली. ‘किती काळ’ हा प्रश्न दुय्यम मानला गेला. या तीन प्रयोगांचे एकत्र वाचन केल्यास प्रश्नांचा हा क्रम उलटणे आवश्यक वाटते.

८. दीर्घ व वर्तुळाकार आरएनए

मायक्रो-आरएनएच्या तुलनेत अन्य दोन वर्गांविषयीचे दावे अधिक सावधपणे वाचावे लागतात. मायक्रो-आरएनएचे क्रम उत्क्रांतीत पुष्कळ अंशी टिकून राहिले आहेत. म्हणून सूत्रकृमीत सापडलेल्या लेट-७ ची भावंडे माणसातही भेटतात. दीर्घ नॉनकोडिंग आरएनएबाबत असे खात्रीने सांगता येत नाही. ‘ब्रेव्हहार्ट’ हे याचे बोलके उदाहरण होय. हृदयपेशींच्या घडणीस आवश्यक असलेला हा आरएनए २०१३ मध्ये उंदरात सापडला. मानवी जनुकसंचात त्याचा समरूप आढळला नाही. अशा आरएनएवरून मूलभूत जीवशास्त्र उलगडते. उपचाराची दिशा मात्र आपोआप मिळत नाही.

वर्तुळाकार आरएनएला मोकळी टोके नसल्यामुळे तो पेशीत अधिक काळ टिकतो. २०१९ मध्ये वर्णिलेला ‘सर्क-एनफिक्स’ हा आरएनए स्नायुपेशींच्या विभाजनाला लगाम घालतो आणि तो उंदराप्रमाणे मानवातही आढळतो, ही त्याची जमेची बाजू आहे. परंतु अनेक निबंधांत दीर्घ किंवा वर्तुळाकार आरएनए मायक्रो-आरएनएला ‘स्पंजाप्रमाणे’ शोषून घेतो, असे सरधोपट स्पष्टीकरण दिले जाते. एखाद्या पेशीत मायक्रो-आरएनएच्या हजारो प्रती असतील आणि त्याला शोषणाऱ्या आरएनएच्या मोजक्याच, तर हे शोषण परिणामकारक कसे ठरेल? प्रतींच्या संख्येचा हा हिशेब मांडल्याशिवाय असे स्पष्टीकरण स्वीकारणे योग्य नव्हे.

९. प्रयोगशाळेकडून रुग्णाकडे

काळमर्यादा पाळावयाची, तर विषाणुवाहकाऐवजी काही दिवसांत विघटित होणाऱ्या कृत्रिम प्रतिकृती वापरणे हा सरळ मार्ग दिसतो. २०१७ मध्ये जाक्का यांच्या गटाने मिर-१९९ए व मिर-५९० च्या प्रतिकृती मेदकणांसह उंदराच्या हृदयात एकदाच टोचून कार्य सुधारल्याचे दाखवले. परंतु हृदयात पोहोचण्याचा प्रश्न उरतोच. शिरेतून दिलेले मेदकण प्रामुख्याने यकृतात जमा होतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘पॅटिसिरान’ हे आरएनएवर आधारित औषध यशस्वी ठरले, कारण त्याचे लक्ष्यच यकृत होते. प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया हा दुसरा धोका होय. कर्करोगावरील उपचार म्हणून मिर-३४ए ची प्रतिकृती रुग्णांना देणारी चाचणी २०१६ मध्ये गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली.

दुसरीकडे, हृदयरुग्णांना मायक्रो-आरएनएला अटकाव करणारे औषध देणे शक्य आहे, हेही सिद्ध झाले आहे. मिर-१३२ ला अटकाव करणाऱ्या औषधाची पहिली चाचणी २८ रुग्णांवर झाली आणि ते सुरक्षित असल्याचे नोंदवण्यात आले. मात्र या औषधाचा उद्देश पेशींची विकृत वाढ रोखणे हा आहे, नव्या पेशी निर्माण करणे हा नाही. ‘नॉनकोडिंग आरएनएवरील हृदयौषध’ आणि ‘हृदयाचे पुनर्जनन’ या दोन गोष्टी वृत्तांतून एकत्र येतात, तेव्हा हा भेद पुसला जातो. तो पुसला जाऊ नये, यात रुग्णाचे हित आहे. मूलपेशींच्या बाबतीत तो पुसला गेला आणि अनेक रुग्णांनी जे उपचार पुनर्जननाचे समजून स्वीकारले, त्यांत पुनर्जनन घडत नव्हते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. नॉनकोडिंग आरएनए, विशेषतः मायक्रो-आरएनए, हृदयस्नायुपेशींच्या विभाजनावर खरोखर प्रभाव टाकतात. स्वतंत्र गटांनी आणि भिन्न प्राण्यांत मिळवलेल्या पुराव्याने हे प्रस्थापित झाले आहे. या प्रभावाचे स्वरूप एका निर्णायक कळीचे नसून अनेक संदेशांच्या सूक्ष्म समायोजनाचे आहे. ‘विभाजन सुरू होईल काय’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. ‘ते केव्हा व कसे थांबेल आणि नव्या पेशी पक्व होऊन जुन्यांशी लयीने जुळतील काय’ हा प्रश्न शिल्लक आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या विषयाचे मोल दुहेरी आहे. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या पदव्युत्तर वर्गांत पेशीचक्र, जनुकनियंत्रण आणि उत्क्रांती हे घटक स्वतंत्रपणे शिकवले जातात. हृदयाच्या पुनर्जननाच्या निमित्ताने ते एकत्र आणता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शोधनिबंध चिकित्सकपणे वाचण्याचा परिपाठ घालून देण्यास हा विषय उपयुक्त आहे. कोणत्याही नव्या दाव्यापुढे विद्यार्थ्याने चार प्रश्न ठेवावेत. पेशींची संख्या वाढल्याचे दाखवले आहे की केवळ खुणांचे प्रमाण? प्रयोग नवजात पेशींवर झाला की प्रौढ हृदयावर? निरीक्षण किती काळ चालू होते? आणि दिलेला आरएनए बंद करण्याची सोय होती काय? २०१९ चा प्रयोग एका महिन्यावर थांबला असता, तर यांतील तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नसते, आणि पुढच्या टप्प्यावर डुकरांची जागा माणसांनी घेतली असती.